कचरा जळाला, प्रश्न तसाच



युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये भोपाळहून पीथमपुरात आला आणि जूनअखेर जाळून संपवला गेला. "झाले, विषय मिटला," असे आपल्यातील काही जाणती मंडळीही म्हणतात. पीथमपूर धार जिल्ह्यात, देपालपूर इंदूर जिल्ह्यात, मग आपल्याला काय त्याचे, असाही सूर ऐकू येतो. जिल्ह्याची हद्द वाऱ्याला आणि पाण्याला कोणी समजावून सांगितली? यशवंतसागर दूषित होईल ही भीती आंदोलकांनी उगाच बोलून दाखवली नव्हती. होळकरांनी बांधलेल्या या तलावाचे पाणी इंदूर आजही पिते.

विषय मिटलेला नाही. चुना वगैरे मिसळून जाळल्यामुळे कचऱ्यापेक्षा राखच जास्त झाली, आठशे टनांहून अधिक. आगीत कीटकनाशके मोडतात, पण पारा, शिसे असे जड धातू नष्ट होत नाहीत. ते राखेत उरतात किंवा धुरावाटे निघतात. क्लोरीन असलेला कचरा नीट जळाला नाही तर डायऑक्सिन तयार होते. त्यातील सर्वांत घातक प्रकार माणसाला कर्करोग करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ मध्येच ठरवले आहे.

धूर मर्यादेत होता, असे सरकार सांगते. घटकाभर मान्य करू. पण "कर्करोग झाल्याचा पुरावा दाखवा" हा उलटा सवाल आम्हांस मान्य नाही. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. तोवर पुरावा मागणारे साहेब निवृत्त झालेले असतील. आणि नोंदच ठेवली नाही तर पुरावा येणार कोठून? भोपाळमध्ये १९८६ पासून कर्करोगाची नोंद ठेवली गेली, म्हणून तेथे निदान आकड्यांवर तरी भांडता येते.

बोट फक्त कारखान्याकडे दाखवूनही भागणार नाही. मॅलाथिऑन हे कीटकनाशक २०१५ पासून 'बहुधा कर्करोगकारक' गणले जाते. तरी तोंडाला फडके न बांधता फवारणी होते आणि रिकामे डबे विहिरीच्या काठावर पडून राहतात. फवारणारा मजूर असतो, म्हणून मालकाने डोळे मिटायचे का?

गौतमाबाईंच्या नावाचे गौतमपुरा ज्या तहसिलीत आहे, तेथे आपली घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. वाडे, देवघरे, जमिनी आपण जपल्या. आता पाणी जपायची वेळ आहे. आपल्या मागण्या तीनच: राख वस्ती आणि पाण्यापासून दूर ठेवावी, विहिरी व बोअरच्या पाण्याची दरवर्षी तपासणी करून निकाल ग्रामपंचायतीत लावावा, आणि कर्करोगाची गावनिहाय नोंद जाहीर करावी.

मंगळवारच्या जनसुनवाईत प्रत्येक घरातून एक अर्ज गेलाच पाहिजे. सत्ता कोणत्याही पक्षाची असो, मत मागायला येणाऱ्यास पहिला प्रश्न हाच विचारावा, ही आग्रहाची विनंती.