अंतर आपले, माप आपले

भंडारा जिल्ह्यात सायकल ही एके काळी हौसेची वस्तू नव्हती. दुधाचे कॅन, धानाचे पोते आणि शाळेत जाणारी मुले तिच्यावरून जात. किती किलोमीटर झाले हे कोणी मोजत नसे. काम जेथे असेल तेथवर जावेच लागे. आज आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी व पालक आरोग्यासाठी आणि आनंदासाठी पहाटे सायकल चालवितात. पूर्वी गरजेने ठरणारे अंतर आता आपणच ठरवायचे असते. परंतु पुष्कळदा आपण ते मोबाइलवर दिसणाऱ्या दुसऱ्याच्या आकड्यावरून ठरवितो.

ही चूक मीही केली. सायकल घेतल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात मित्रांच्या ईर्ष्येने मी भंडाऱ्याहून पवनीला निघालो. एका बाजूचे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. जाताना उत्साह होता. परतताना अड्याळजवळ गुडघ्याने साथ सोडली. उरलेली वाट एका मालवाहू गाडीतून कापली आणि पुढे सहा आठवडे सायकल भिंतीला टेकून राहिली.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. विदर्भाने या पराक्रमाचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु अनुकरण करावे ते त्यामागील तयारीचे, आकड्याचे नव्हे. दीर्घ पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ या प्रकाराचा नियमही बोलका आहे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. विश्रांती, जेवण, पंक्चर सारे त्यातच. मुदतीत पोहोचणाऱ्यांना पहिला-दुसरा क्रमांक दिला जात नाही.

मग आपले अंतर कसे ठरवावे? माझ्या मते, जितके चालविल्यावर उद्या पहाटे पुन्हा निघावेसे वाटेल, तितकेच आजचे अंतर. दर आठवड्यास त्यात एक दशांश भर घालावी. परतीची वाट, समोरचा वारा आणि आपल्याकडील उन्हाळा हिशेबात धरावा. महामार्गावरील अवजड वाहनांपेक्षा गावरस्ता बरा. हेल्मेट आणि दिवा मात्र हवाच.

इतक्या सावधपणे मोठे ध्येय गाठता येईल काय, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहावा. आज २० किलोमीटर चालविणाऱ्याने दर आठवड्यास एक दशांश वाढ केली, तर सोळा आठवड्यांत तो नव्वदीपार जातो. म्हणजे पवनीला जाऊन परत. मधून विश्रांतीचे आठवडे घेतले तरी सहा महिने पुरेत. दुसऱ्या खेपेस मी याच रीतीने गेलो. पवनीच्या जुन्या किल्ल्याच्या दरवाजापाशी थोडा विसावलो, सायकलवरूनच घरी परतलो आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर हजर झालो.

वसतिगृहातील पहाटेची घंटा आपणा सर्वांना आठवते. तिने आपल्याला एका दिवसात काही शिकविले नाही. रोज वाजून शिकविले. सायकलच्या अंतराचेही तसेच आहे. आपला आकडा आपल्याच वहीत लिहावा आणि त्याची तुलना केवळ आपल्याच मागील पानाशी करावी.