रोज बोलणाऱ्याचं कोण ऐकतं?



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आज मात्र चिडून लिहितो आहे, तेव्हा भाषा जरा मास्तरकीची झाली तर सांभाळून घ्या.

झालं असं की माझा पुतण्या परवा घरी आला. त्याचं वर्ध्याला कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं, फवारणीचे पंप असं सगळं. आता त्याने दुकानाचं 'वार्तापत्र' सुरू केलंय. दर बुधवारी आणि शनिवारी सहा पानांची पीडीएफ आठशे-नऊशे गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर जाते. शिवाय मधल्या दिवसांत सुविचार, सणांच्या शुभेच्छा आणि 'आजची ऑफर'. "मोठेबाबा, शुद्धलेखन तेवढं पाहून द्या," म्हणून तो एक अंक माझ्या हातात देऊन गेला.

मी सवयीने लाल पेन घेतला. पहिलं पान : 'संचालकांचे मनोगत'. दुसरं : नव्या गोदामाच्या उद्घाटनाचे फोटो. तिसरं : दुकानाला मिळालेलं सन्मानचिन्ह. चौथं आणि पाचवं : कंपन्यांच्या जाहिराती. आणि सहाव्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत : कपाशीत कामगंध सापळे लावा, डोमकळ्या दिसल्या तर तोडून नष्ट करा.

मंडळी, शुद्धलेखनाच्या चुका पाचच निघाल्या. पण मी सहावं पान सोडून बाकी पाचही पानांवर उभी रेघ मारली. पुतण्या नाराज झाला. म्हणाला, "मोठेबाबा, तुमाले धंद्यातलं काही समजत नाही. लोकायच्या डोळ्यासमोर सतत राहा लागते." हे वाक्य त्याचं नाही. नागपूरला दोन दिवसांचं एक शिबिर करून आला, तिथलं आहे.

मला धंद्यातलं समजत नाही, कबूल. पण वाचणाऱ्यातलं समजतं. छत्तीस वर्षं मी न ऐकणाऱ्या पोरांसमोर बोलण्याचाच व्यवसाय केला.

आता गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, पाच एकर कपाशी. पुतण्याचे जुने गिऱ्हाईक. मागच्या हंगामात त्यांची कपाशी शेंदरी बोंडअळीने खाल्ली. वेचणीला गेले तेव्हा बोंडं किडकी, रुई पिवळी. दुकानातून सूचना वेळेवर गेली होती की नाही? गेली होती! पुतण्या तारखेनिशी दाखवतो. पण या गृहस्थांनी दोन महिन्यांपूर्वीच त्या ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता. मी त्यांना विचारलं, काहून बाप्पा, पाहिलं नाही का? ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पुतण्याचं दुकान रोजच बोलते. रोज बोलणाऱ्याचं कोण ऐकते?"

याला उत्तर आहे का तुमच्याकडे? माझ्याकडे नव्हतं.

आता शिबिरवाले म्हणतील की हा 'माहितीच्या महापुराचा' प्रश्न आहे, आजकाल लोकांना वेळ नाही, लक्ष टिकत नाही. मला हे मान्य नाही. याच शेतकऱ्याला कापसाचा भाव विचारा, आर्वीचा वेगळा, हिंगणघाटचा वेगळा सांगतील. पावसाचा अंदाज दिवसातून तीनदा पाहतात. माणसाला त्याच्या कामाचं असलं की लक्ष टिकतं. वेळ वाचणाऱ्याकडे नाही असं नव्हे, पाठवणाऱ्याने वेळ दिलेला नाही. हजार माणसांना एकच कागद पाठवायला एक क्षण लागतो. पण या हजारांपैकी कपाशीवाले कोण, सोयाबीनवाले कोण, संत्र्याची बाग कोणाची, आणि नुसता बंगल्याच्या कुंडीसाठी खत नेणारा कोण, हे वेगळं काढायला चार संध्याकाळी लागतात. त्या चार संध्याकाळी कोणाला द्यायच्या नाहीत.

पूर्वी ही चाळणी आपोआप होती. पोस्टकार्डाला पैसे पडत, छपाईला पडत. हजार कार्डं टाकायची तर दुकानदार दहादा विचार करी की हे लिहिण्यासारखं आहे का. आज पाठवण्याचा खर्च शून्य झाला असं म्हणतात. चूक. खर्च शून्य झाला नाही, तो वाचणाऱ्याच्या अंगावर टाकला.

ही खोड जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने, गॅरी थर्क त्याचं नाव, सुमारे चारशे जणांना एकदम एकच जाहिरात ई-मेलने पाठवली. न मागता आलेली ही पहिली घाऊक ई-मेल समजतात. लोक संतापले. पण त्याच्या कंपनीची विक्री झाली असंही सांगतात, आणि शिबिरवाले तेवढंच सांगतात. अहो, त्या दिवशी त्या चारशे जणांच्या पेटीत तशी ती एकटीच होती! आज तुमची एकशेएकावी असते.

आपल्याकडेही शेवटी कायद्याला यावंच लागलं. २००७ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 'मला फोन करू नका' सांगणाऱ्यांची नोंदवही काढली, मग २०१० ला नवे नियम, २०१८ ला आणखी नवे. १९०९ या क्रमांकावर नको म्हणून कळवता येतं. २०२५ पासून तर एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाला शेपूट लावतात. पी असेल तर जाहिरात, एस सेवेचा, टी व्यवहाराचा, जी सरकारी. म्हणजे पाहा, कोणता निरोप कामाचा आणि कोणता बिनकामाचा हे ओळखता यावं म्हणून सरकारला अक्षरं चिकटवावी लागली. हे नियम फोनचे आणि एसएमएसचे. आमच्या पुतण्याची पीडीएफ ज्या वाटेने जाते तिथे तर ही शेपटंही नाहीत.

"मग काय दुकानदाराने गिऱ्हाइकाला पत्रच लिहू नये का?" असं पुतण्याने तावातावाने विचारलं. लिहावं ना. कसं लिहावं याचा धडा आपल्या मराठीतच आहे, तो नागपूरच्या शिबिरात शिकवत नाहीत, एवढंच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायलाच दोनेक वर्षं गेली असं सांगतात. १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आणि १९२० साली या कारखान्याने आपलं मुखपत्र काढलं, 'किर्लोस्कर खबर'. संपादक शंकरराव किर्लोस्कर, आपले शंवाकि. म्हणजे बघा, नांगर विकणाऱ्याचं वार्तापत्रच की ते! पण ते नांगराची आरती ओवाळत बसलं नाही. ते वाचणाऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलू लागलं : उद्योग, स्वावलंबन, जुन्या रूढी. पुढे 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' राहिलं, १९३० साली त्याला 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' अशी भावंडं झाली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध त्यात आले. माझ्या आईकडे 'स्त्री'चे जुने अंक ट्रंकेत होते, आणि आमच्या घरात कोणी किर्लोस्करांचा नांगर कधी घेतला नव्हता. कारखान्याचं पत्रक लोकांनी पैसे मोजून वाचलं, कारण त्यात कारखाना कमी आणि वाचणारा जास्त होता.

दुसरं उदाहरण तुमच्या भिंतीवर आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढलं. त्याच्यासारख्या दिनदर्शिकांवर आपलं नाव छापून किती दुकानदार त्या वाटतात! वर्षातून एकदाच येते ती. पण घरातली बाई रोज तिच्याकडे पाहते, कारण तिथी तिला लागते, दुधाचा खाडा तिथे मांडायचा असतो, सिलिंडर कधी लावलं ते तिथे लिहायचं असतो. खाली दुकानाचं नाव तीनशे पासष्ट दिवस दिसतं, आणि कोणाला त्याचा राग येत नाही. 'सतत डोळ्यासमोर राहणं' म्हणतात ते हे! वर्षातून एकदा येऊन.

पुतण्याचं म्हणणं अगदीच पोकळ आहे असं मी म्हणत नाही. समोरचा दुकानदार रोज पाठवतो, आपण गप्प बसलो तर गिऱ्हाईक तिकडे जाईल, ही भीती खरी आहे. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात एक गिऱ्हाईक गेलं की हंगाम जातो. पण दोघंही रोज ओरडू लागले तर शेतकरी दोघांचाही आवाज बंद करतो. मग शर्यत कशाची? आणि ज्याने आवाज बंद केला तो तुम्हाला सांगायला येत नाही. तो यादीत तसाच दिसतो. पुतण्या मला आठशे-नऊशेचा आकडा सांगतो. शाळेच्या पटावरची संख्या आणि वर्गातली हजेरी यांतला फरक मला कोणी शिकवू नये.

'आम्ही प्रत्येकाला नावाने लिहितो' हा आणखी एक युक्तिवाद. मलाही एका दुकानातून 'प्रिय गुरुजी' म्हणून नावानिशी संदेश येतात, लहान बाळांच्या लंगोटांवर सवलत असल्याचे. माझं वय सत्त्याहत्तर. नाव बरोबर आहे हो, माणूस चुकला.

आता जे सांगतो ते माझ्याविरुद्ध आहे. आमच्या शाळेत सूचना वही असे. शिपाई ती घेऊन वर्गात यायचा, शिकवता शिकवता आम्ही सही ठोकायचो. एके दिवशी ती चार वेळा आली. कसल्यातरी सभा, कसलीतरी वर्गणी, कुठलातरी दौरा. चौथ्या वेळी मी न वाचता सही केली. त्यात शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख होती. वर्गातल्या एका मुलाचा अर्ज राहून गेला. हुशार होता, वडील मजुरी करायचे. तो काही बोलला नाही, मी विचारल्यावर "असू द्या गुरुजी" म्हणाला. सही माझी होती, दोष माझाच. पण तेव्हापासून हे मला पक्कं ठाऊक आहे की तीन बिनकामाच्या सूचना चौथ्या कामाच्या सूचनेचा जीव घेतात. त्या नुसत्या निरुपयोगी नसतात, त्या नुकसान करतात.

आणि शेतीत हे नुकसान लहान नसतं. २०१७ साली बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची काय दशा केली ते आपण पाहिलं. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं दगावली. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हे चार रंग किती फवारणाऱ्यांना माहीत आहेत? ज्याच्या दुकानातून तो डबा जातो त्याने हे सांगायचं, की गोदामाच्या उद्घाटनाचे फोटो पाठवायचे?

म्हणून मी पुतण्याला कागदावर लिहून दिलं, ते इथेही देतो.

गिऱ्हाइकांची वही पिकाप्रमाणे वेगळी करा. कपाशीवाल्याला संत्र्याचं पाठवू नका. एका पत्रात एकच गोष्ट, आणि ती पहिल्या ओळीत. 'सापळे लावा' एवढ्याने भागत नाही. पेरणीनंतर दीड महिन्याने लावा, एकरी दोन लावा, सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग दिसले तर उपाय सुरू करा, असं आकड्यांत सांगा. स्वतःच्या मनाने सांगू नका, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं सांगा, आणि त्यांचं नाव घ्या. फवारणीची गरज नसेल तर 'या आठवड्यात फवारू नका' हेही लिहा. (यावर पुतण्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.) ज्याला नको असेल त्याला एका शब्दात बंद करता आलं पाहिजे. आणि सांगण्यासारखं नसेल त्या आठवड्यात गप्प बसा.

'फवारू नका' लिहायला सर्वांत जास्त धैर्य लागतं, कारण त्या आठवड्याची विक्री बुडते. पण ते एकदा लिहिलं की पुढच्या वेळी 'फवारा' म्हटल्यावर माणूस विश्वास ठेवतो.

आपल्या सेवाग्रामचं मूळ नाव सेगाव. तिकडे बुलढाण्यात शेगाव, त्यामुळे गांधीजींची टपाल भलतीकडे जायची, म्हणून १९४० साली नावच बदललं. पत्र योग्य माणसाच्या हाती पडावं म्हणून एका गावाने नाव बदललं, मंडळी. आमच्या पुतण्याला फक्त वह्या वेगळ्या करायच्या आहेत.

तो अजून पुरता पटलेला नाही. सहा पानांवरून दोनवर आला आहे, 'मनोगत' सोडायला तयार नाही. येत्या खरिपात निदान कपाशीवाल्यांची यादी वेगळी करतो म्हणाला. त्या शेतकऱ्यांकडे तो स्वतः जाऊन आला, एवढं मात्र मला बरं वाटलं. त्यांनी ग्रुपचा आवाज अजून सुरू केलेला नाही.

आणि नातेवाइकांनो, तुम्ही हसताय ते कळतंय मला. 'मोठेबाबा स्वतः रोज सकाळी फुलाच्या चित्रावर सुप्रभात पाठवतात' असंच ना? उद्यापासून बंद. काही सांगण्यासारखं असेल तेव्हा फोन करीन. तुम्हीही करा.