डोकेदुखीच्या गोळ्या मोजता का?

अर्धशिशी हा थट्टेचा विषय नव्हे. अर्धे डोके ठणकते, उजेड सोसत नाही, पोटात ढवळते. आणि बाईने अंथरूण धरले की 'नाटकं करते' म्हणायला घरचेच पुढे. त्यामुळे गोळी घेणाऱ्याला मी बोल लावत नाही. गोळ्या कोणीच मोजत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

भोर-वेल्ह्याकडच्या रुग्णांना मी विचारतो, 'महिन्यातले किती दिवस गोळी घेता?' 'दुखलं की घेतो,' हे ठरलेले उत्तर. आवणीत तर विचारूच नका. पहाटे उठून भाकऱ्या, मग प्लॅस्टिकचा कागद पांघरून दिवसभर वाकून भातलावणी. झोप अपुरी, जेवण टळलेले. अर्धशिशी उठायला आणखी काय हवे? संध्याकाळी दुकानातून गोळी येते. आधी आठवड्याला एक, मग दिवसाआड, मग रोज सकाळच्या चहाबरोबर.

वारंवारच्या गोळ्यांनी मेंदूतील वेदनेची यंत्रणा अधिकच हळवी होते. गोळीचा अंमल उतरला की डोके पुन्हा दुखते, म्हणून पुन्हा गोळी. गंमत अशी, की नुसत्या गुडघ्यासाठी रोज गोळी घेणाऱ्याला सहसा हा त्रास होत नाही. ज्याला मुळातच डोकेदुखी आहे, त्यालाच होतो.

साधी पॅरासिटामॉल महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तर मिश्र गोळ्या, अर्गोटामीन वा ट्रिप्टान १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांवर चालले की धोका आलाच. सॅरिडॉनमध्ये पॅरासिटामॉल, प्रॉपीफेनाझोन आणि कॅफीन असते, म्हणून तिला १० दिवसांचा हिशेब. मी तर आठवड्यातून दोनच दिवस सांगतो. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता, तिथेच गोळीची फुली मारा.

हजारापर्यंत वस्तीच्या गावात ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल विनापरवाना विकायची कायद्यानेच मुभा आहे. ती असावीच; केळदच्या माणसाने एका गोळीसाठी वेल्हे का गाठावे? पण पट्टीतून कापून दिलेल्या गोळीवर नाव उरत नाही आणि काय पोटात गेले ते कळत नाही. नाव दिसेल अशीच गोळी मागून घ्या.

सवय सोडताना पहिले आठ-दहा दिवस डोके जास्त दुखते, ओकाऱ्याही होतात. बहुतेकजण इथेच कच खातात. म्हणून भर आवणीत हा प्रयोग नको, लावणी उरकू द्या. आणि डॉक्टरांना विचारूनच करा. दुखणे वारंवार उठू नये म्हणून प्रॉप्रॅनोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन अशी औषधे आहेत. ती रोज घ्यावी लागतात, गुण यायला काही आठवडे जातात. दमा असेल तर आधी सांगा, त्याला प्रॉप्रॅनोलॉल चालत नाही.

मात्र डोके एकाएकी कधी नव्हे इतके दुखले, तापात मान ताठली, हातपाय लुळे पडले किंवा बोबडी वळली, तर गोळी शोधत बसू नका. गाडी करा आणि रुग्णालय गाठा.