गॅसची गोळी गॅसवर नसतेच!

"डॉक्टर, ती सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी संपलीय, तेवढी लिहून द्या."

हे वाक्य मी क्लिनिकमध्ये रोज ऐकतो. समोरची व्यक्ती पर्समधून रिकामी स्ट्रिप काढून टेबलावर ठेवते. मी विचारतो, किती दिवस घेताय? "झाली असतील तीन-चार वर्षं." कुणी सुरू केली? "मागे एकदा पोट फुगलं होतं, तेव्हा दिली होती. मग केमिस्टकडूनच घेत गेले." आणि आता पोट कसं आहे?

"फुगतंच ना. म्हणून तर घेते!"

मंडळी, हे शेवटचं उत्तर पुन्हा एकदा वाचा. चार वर्षं रोज एक औषध, तक्रार जिथल्या तिथे, आणि तरीही औषध थांबवायचं कुणाच्या मनात येत नाही. ब्लडप्रेशरची गोळी विसरणारी माणसं ही गोळी मात्र विसरत नाहीत. आजचा लेख या गोळीच्या विरोधात आहे. तिच्या योग्य वापराला माझा विरोध नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घराघरांत ती चहासारखी रोजची झालीय, त्याला आहे.

आधी ती काय करते ते समजून घ्या. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल ही सगळी एकाच कुळातली औषधं. जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधं बंद पाडतात. त्यामुळे छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं, जठरातला अल्सर यांवर ती फार उत्तम काम करतात. पण पोट फुगवणारा वायू बहुतांशी तयार होतो तो खाली, मोठ्या आतड्यात. लहान आतड्यात न पचलेलं अन्न तिथे पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही जणांत मिथेन तयार होतो. उरलेला वायू म्हणजे आपण घाईघाईत गिळलेली हवा. आता सांगा, वरच्या मजल्यावरचा नळ बंद करून तळमजल्यावरचा धूर कसा जाणार?

"पण डॉक्टर, माझ्या गोळीत दोन औषधं आहेत, एक गॅसचं आहे." हो, तुमच्या कॅप्सूलमध्ये बहुधा डोमपेरिडोनही असतं, ३० मिलिग्रॅम. ते मळमळ आणि उलटीवरचं औषध आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या दुष्परिणामांमुळे त्याच्यावर बंधनं आणली. फक्त मळमळ-उलटीसाठी द्या, साधारण आठवड्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि पोट फुगणं व जळजळ यांसाठी वापरू नका, असं तिने स्पष्ट सांगितलं. जे औषध तिथे पोट फुगण्यासाठी द्यायचं नाही असं ठरलं, ते आपण नेमकं पोट फुगण्यासाठी वर्षानुवर्षं घेतोय. अमेरिकेत तर त्याला मान्यताच नाही.

मग गोळी बंद केल्यावर त्रास का वाढतो? हा प्रश्न येणारच, कारण बहुतेकांनी एकदा तरी बंद करून पाहिलेली असते. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. पोटाची कोणतीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी माणसांना त्यात घेतलं होतं. काहींना आठ आठवडे आम्ल कमी करणारी गोळी दिली आणि मग तिच्याऐवजी त्यांना न कळू देता नुसती खोटी गोळी सुरू केली. बाकीच्यांना पहिल्यापासून खोटीच गोळी होती. त्यानंतरच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असे त्रास झाले, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे दाबून ठेवलेलं आम्ल गोळी थांबताच उसळी मारून वर आलं. तुम्हाला वाटतं, "बघा, माझी अॅसिडिटी किती जुनाट आहे." खरं तर त्यातली बरीचशी त्या गोळीनेच आणलेली असते. काही आठवड्यांत ती ओसरते, पण तेवढं थांबतो कोण?

यात दोष तुमचा कमी आणि आमचा जास्त आहे. दुखण्याची गोळी लिहिली की शेजारी "पोटाची" गोळी लिहायची, अँटिबायोटिक लिहिलं की पुन्हा तीच, ही आम्हा डॉक्टरांची हाताला लागलेली सवय. किती दिवस घ्यायची ते सांगायचं राहून जातं. पेशंटलाही पाच रुपयांचा तरी दिलासा मिळाल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आतड्याच्या काही जंतुसंसर्गांची शक्यता वाढते. शाकाहारी घरात बी-१२ आधीच काठावर असतं, हेही लक्षात घ्या.

आता मुद्द्याचं. तुमचं पोट फुगतं कशाने?

आपल्या उपनगरी माणसाचा दिवस बघा. सकाळी उठून रिकाम्या पोटी दुधाचा चहा. तो पोटात गेल्यावर मोठं आतडं आकुंचन पावतं आणि शौचाची भावना होते, ही निसर्गाची सुंदर व्यवस्था आहे. पण ७.४३ ची लोकल त्याहून महत्त्वाची! म्हणून ती भावना दाबली जाते. अशी वर्षानुवर्षं दाबली की गुदाशय तिकडे लक्ष देणं सोडून देतो. मळ साचतो, वायूला पुढे सरकायला जागा राहत नाही, आणि संध्याकाळपर्यंत पॅन्टचं बटण उघडावं लागतं. मग रात्री चूर्ण. बाजारातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला चाबूक मारून काम करवून घेते. सकाळी चूर्ण न घेता पोट साफ होत नाही, रात्री गोळी न घेता झोप येत नाही आणि तरी माणूस म्हणतो, मी अगदी ठणठणीत आहे, फक्त थोडा गॅस होतो.

बायकांचं याहून कठीण. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली खास महिलांसाठी लोकल सुरू झाली, त्याचं आपल्याला कौतुक आहे आणि असायलाच हवं. पण त्या गाडीतून उतरणाऱ्या बाईला स्वच्छ स्वच्छतागृह मिळावं म्हणून २०११ मध्ये या शहरातल्या महिला संघटनांना 'राइट टू पी' नावाची चळवळ करावी लागली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत जेमतेम दोन ग्लास पाणी पितात. तहान लागत नाही म्हणून नव्हे, जायची सोय नाही म्हणून. घाटकोपरला मेट्रो बदलणारी, अंधेरीच्या पुलावर गर्दीत उभी असणारी ही बाई मला विचारते, "डॉक्टर, माझं पचनच मुळात कमजोर आहे का हो?" तिचं पचन कमजोर नाही. तिच्या वाटेवर संडास नाही. यावर मी कुठली गोळी लिहू?

त्यात खाण्याची घाई. स्टेशनबाहेर तीन मिनिटांत वडापाव, सोबत थंड सोड्याची बाटली. घाईने खाताना आणि बाटलीतून पिताना हवा गिळली जाते, सोड्यात वायू आधीच कोंबलेला असतो. दिवसभर च्युइंगम चघळणाऱ्यांचंही तेच, आणि 'शुगर फ्री' गोळ्या-बारमधले सॉर्बिटॉल, माल्टिटॉल हे आतड्यात नीट शोषले जात नाहीत, जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. प्रोटीन बार खाऊन "गॅस का होतो?" विचारणाऱ्या मुलांनी वेष्टनाची मागची बाजू वाचावी.

दूध हे दुसरं मोठं कारण. आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर पचवणारं विकर अनेकांत कमी होतं. हा आजार नाही, शरीराची ठेवण आहे. अशा माणसाने 'ताकदीसाठी' रात्री मोठा पेला दूध प्यायलं तर पोट वाजणारच. दही, ताक बहुतेकांना चालतं, कारण विरजणातले जिवाणू त्या साखरेचं थोडं काम आधीच करून ठेवतात. दोन आठवडे दूध बंद करून पाहा, चहातलं थोडं चालेल. फरक पडला तर उत्तर मिळालं, नाही पडला तर दूध पुन्हा सुरू करा. उगाच आयुष्यभर सोडू नका.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी आतड्यात आंबणाऱ्या अशा पदार्थांची यादी केली. तिच्यात कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, फ्लॉवर, सफरचंद, आंबा असे आपले सगळे लाडके आहेत. ती यादी हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरते आणि लोक एका दिवसात निम्मं जेवण बंद करतात. तसं करू नका. ती पद्धत काही आठवड्यांपुरती आहे, नंतर एकेक पदार्थ परत आणून कोणता सोसतो ते पाहायचं असतं, तेही आहारतज्ज्ञांच्या मदतीने. आपल्या स्वयंपाकघरात याहून सोपे उपाय होते. वाल रात्रभर भिजवायचे, पाणी ओतून टाकायचं, मोड आणायचे, सोलायचे आणि मग डाळिंब्यांची उसळ करायची. भिजवल्याने आणि मोड आणल्याने वायू करणाऱ्या शर्करा खरंच कमी होतात. आठवडाभर ब्रेड आणि भात खाऊन रविवारी तासभर भिजवलेले छोले ताटभर हाणले, तर दोष छोल्यांचा नाही.

उपासाबद्दल एकच सांगतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, तंतू नाहीत. त्यात बटाटा, तूप आणि दाण्याचं कूट. "उपास असूनही पोट जड झालं" असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर, उपास असूनही नव्हे, असल्यामुळे.

रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं होणं सोडलंत तर जळजळीची अर्धी औषधं सुटतील. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. ते जमत नसेल, आणि विरार लोकलने घरी पोचणाऱ्याला ते जमत नाही हे मला ठाऊक आहे, तर मुख्य जेवण दुपारी करा, संध्याकाळी ऑफिसातून निघताना पोळीभाजी खा, घरी आल्यावर वाटीभर मुगाची खिचडी पुरे. शतपावली करा. आणि डाव्या कुशीवर झोपा. जठराची रचना अशी आहे की डाव्या कुशीवर आम्ल अन्ननलिकेत कमी चढतं. आपले आजोबा वामकुक्षी घेत ती डाव्याच कुशीवर. सकाळी वीस मिनिटं लवकर उठून, कमोड असेल तर पायाखाली छोटा स्टूल घेऊन, फोन बाहेर ठेवून बसा. इसबगोल चालेल, भरपूर पाण्यासोबत. 'डिटॉक्स' पेयं, महागडे एन्झाइम आणि प्रोबायोटिकचे डबे यांवर पैसे घालवण्याआधी एवढं करून पाहा.

आणखी एक. वायू सुटणं हा रोग नाही. निरोगी माणसाचा तो दिवसातून दहा-वीस वेळा सुटतो. बार्सिलोनातल्या संशोधकांनी सीटी स्कॅन करून दाखवलंय की पोट फुगणाऱ्या अनेकांत वायू फारसा वाढलेलाच नसतो. श्वासपटल खाली ढकललं जातं, पोटाचे स्नायू सैल पडतात आणि पोट पुढे येतं. अशांना सावकाश श्वासाचे व्यायाम गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

हे सगळं साध्या गॅसबद्दल झालं. पण प्रत्येक फुगलेलं पोट साधं नसतं, आणि या गोळीवर माझा खरा राग आहे तो यासाठी.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एक बाई आल्या. पोट फुगतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं. ओपीडीत गर्दी होती. मी गोळी लिहिली, चालायला सांगितलं. दोन महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा परकराची नाडी पुरत नव्हती. तेव्हा मी त्यांना टेबलावर झोपवून पोट तपासलं. पोटात पाणी होतं, बीजांडकोशाचा कर्करोग होता. दोन महिने आधी कळतं तर काय झालं असतं हे मला सांगता येत नाही. पण ते दोन महिने माझ्या गोळीने घालवले आणि पहिल्या दिवशी मी पोटाला हात लावला नव्हता, हे खरं आहे. ब्रिटनमध्ये २०११ पासूनची सूचना अशी आहे की बाईचं, विशेषतः पन्नाशीनंतर, पोट महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा फुगत असेल तर सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी. आता मी ते पाळतो.

म्हणून वजन कमी होत असेल, शौचातून रक्त किंवा काळा डांबरासारखा मळ जात असेल, गिळायला त्रास, ताप, रक्त कमी होणं, शौचाच्या सवयीत अचानक बदल, किंवा दुखण्याने मध्यरात्री जाग येत असेल, तर 'गॅस' हा शब्द तोंडातून काढू नका, तपासणी करा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच वर्षभर गॅस म्हणून फिरतो. आणि छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला, तर सोडा किंवा ओवा घेऊन वाट पाहू नका, आधी ईसीजी. मधुमेही असाल तर दुखण्याचीही वाट पाहू नका, नुसती धाप आणि घामही पुरेसा आहे.

आता गोळी सोडायची असेल तर. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल, अन्ननलिकेचा आजार दुर्बिणीने सिद्ध झाला असेल, तर ती तुमच्यासाठी ढाल आहे, स्वतःहून बंद करू नका. बाकीच्यांनी आपल्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: ही मला नेमकी कशासाठी, आणि कधीपर्यंत? उत्तर मिळालं नाही तर एकदम न थांबवता आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं तीन-चार आठवड्यांत कमी करा. मधे जळजळ झाली तर साधं अँटासिड घ्या. आणि पुढच्या वेळी येताना रिकामी स्ट्रिप आणू नका, दहा दिवस काय खाल्लं, किती वाजता, आणि पोट साफ कधी झालं, एवढं वहीच्या एका पानावर लिहून आणा.