बुलेट गळते, ती गळायचीच?

‘बुलेट आहे ना, मग ऑइल टाकणारच,’ असं लालबागच्या नाक्यावर कुणीही सांगेल. गाडीखाली पुठ्ठा अंथरला की विषय संपला. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी फिटर म्हणून नोकरी केली, मला हे पटत नाही. ऑइल बाहेर येतं म्हणजे त्याला कुठेतरी वाट मिळालेली असते.

१९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटच्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनात वंगणाचे तीन कप्पे: इंजिन, क्लच-चेनचा डबा आणि गिअरबॉक्स. म्हणून पान्याआधी बोट लावा. काळंकुट्ट, पातळ ते इंजिनाचं. जाड, ग्रीससारखं ते गिअरबॉक्सचं. त्यातल्या त्यात स्वच्छ राहिलेलं बहुधा क्लचच्या डब्याचं. मग इंजिन डिझेलने धुवा, पूर्ण कोरडं करा, संशयाच्या जागी पावडर भुरभुरवा आणि गाडी जागेवरच चालू ठेवा. पहिली ओल उमटेल ती जागा खरी. थेंब पडतो तिथे दोष असेलच असं नाही; चालत्या गाडीवर ऑइल वाऱ्याने मागे पसरतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ब्रीदरची नळी. पिस्टन खाली येताना खालच्या पोकळीतली हवा दाबली जाते, ती या नळीतून निघून जायला हवी. नळी चोंदली की तो दाब सगळ्यात दुबळ्या पॅकिंगमधून वाट काढतो. आपण पॅकिंगवर पॅकिंग बदलत बसतो आणि दुखणं नळीत! ती काढून फुंकून बघायला एक पैसा लागत नाही. गाडी पावसाळाभर उभी असेल तर ऑइल टाकीतून खाली उतरून साचतं आणि चालू करताच ब्रीदरमधून भसकन बाहेर येतं. तीही गळती नव्हे.

डावीकडच्या क्लचच्या डब्याचं झाकण एका नटवर आणि एका रबरी रिंगवर बसतं. जरा पाझरलं की लोक नट आवळतात, पुन्हा आवळतात. झाकण वाकतं, गळती वाढते. रिंग नवी टाका, नट बेताने आवळा. रिंगा, पॅकिंग पेपर नागदेवी स्ट्रीटला मिळतात. पेपर कव्हरवर धरून कडेकडेने हातोडीने हलकं ठोकत गेलं की नेमका आकार कापून निघतो. सिलिकॉन थापणाऱ्याच्या हाती मात्र गाडी देऊ नका. आत दाबलेलं सिलिकॉन सुटून ऑइलच्या वाटेत अडकतं.

हे सगळं चाळीच्या चौकात होत असे. आता टॉवरच्या पार्किंगमध्ये पाना काढला की वॉचमन धावतो. पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेटच्या फुटाफुटावरून आमची माणसं भांडतात, पण एक नळ, एक दिवा आणि धुता येईल अशी लादी एवढा कोपरा कुणी मागत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलंच आहे, पण गाडी उघडायची कुठे?

सोसायटीच्या कमिटीची एक तक्रार रास्त आहे: जळकं ऑइल गटारात जाता कामा नये. ते डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्यायचं. सांडलं तर दंड लावा, वेळ ठरवून द्या, रविवारी सकाळी दोन तास म्हणा. पण नुसता पाना दिसला म्हणून शिट्टी फुंकू नका.