खुतब्यात बिलाल, दारात हबशी

गेल्या पावसाळ्यात एका सुदानी विद्यार्थ्यासाठी मी कोंढव्यात खोली शोधत होतो. एक खोली रिकामी असल्याचं कळलं. मालक हाजी, मला लहानपणापासून बेटा म्हणणारे. फोनवर त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. मुलगा मुसलमान आहे ना? नमाजी आहे ना? भाडं वेळेवर देईल ना? तिन्हींना मी हो म्हणालो. "मग घेऊन ये, आपलंच पोरगं आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही दोघं जिना चढून वर गेलो. दार उघडलं. हाजीसाहेबांनी सलामाचं उत्तर दिलं, पाणी दिलं आणि मला हाताला धरून गॅलरीत नेलं. "बेटा, फोन पे बोलना था ना, ऐसा है करके."

ऐसा म्हणजे कैसा, हे मी विचारलं नाही. "ठीक है चाचा" म्हणालो आणि खाली उतरलो. जिन्यात तो मुलगाच माझी समजूत काढत होता. अशी नाही म्हटलेली ही त्याची सहावी खोली होती. सहापैकी चार घरं मुसलमानांची होती.

आता दुसरी गोष्ट. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका पेठेत मी खोली पाहायला गेलो होतो. एजंटाने नाव विचारलं, मी सांगितलं आणि तोवर रिकामी असलेली खोली "कालच गेली". त्यावर मी चिडून एक लेख लिहिला. मोहल्ल्यात त्याच्या झेरॉक्स फिरल्या. नाव ऐकून दार लावणं म्हणजे काय, हे सगळ्यांना सांगितलंस, शाबास, असं मला अनेकांनी म्हटलं. त्या अनेकांत हे हाजीसाहेबही होते.

म्हणून हा लेख हाजीसाहेबांवर नाही. तो तुमच्या-माझ्यावर आहे.

आपण मुसलमान वर्णभेदाविरुद्धचे पुरावे तोंडपाठ असलेले लोक आहोत. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे अखेरच्या हजच्या खुतब्यातलं सांगणं आपल्या पोरांना मकतबमध्ये शिकवलं जातं. बिलाल काळे होते, गुलाम होते आणि इस्लामचे पहिले मुअज्जिन झाले, हे ऐकताना आपले डोळे भरून येतात. अबू जर यांनी एकाला त्याच्या आईवरून, तिच्या वंशावरून टोमणा मारला, तेव्हा पैगंबरांनी त्यांना सुनावलं की तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. अबू जर कोणी ऐरेगैरे नव्हते, नामवंत सहाबी होते. तरी त्यांना सूट मिळाली नाही.

आणि पहिली हिजरत कुठे झाली होती? मदिनेला नव्हे. मक्केत जगणं अशक्य झालं तेव्हा मूठभर मुसलमान समुद्र ओलांडून हबशात गेले, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. मक्केचे लोक त्यांना परत मागायला आले, तेव्हा त्याने त्यांना हवाली करायला नकार दिला. आपल्याला जगात पहिलं घर दिलं ते हबशाने. आणि आज आपल्या तोंडी 'हबशी' ही शिवी आहे. अधाशासारखं जेवणाऱ्याला हबशी, आडदांडाला हबशी, काळ्या पोराला हबशी. ज्या देशाने आसरा दिला त्याचं नाव आपण शिवीसाठी वापरतो आणि त्या रंगाच्या मुलाला जिन्यावरून परत पाठवतो.

यावर एक उत्तर हमखास येतं. "तुम्हाला ठाऊक नाही, ते लोक ड्रग्ज विकतात. आमचा अनुभव आहे." हे वाक्य जरा कानावर घोळवून बघा. ओळखीचं वाटतं ना? "तुम्हाला ठाऊक नाही, ते लोक तसलेच असतात. आमचा अनुभव आहे." हेच ऐकून आपण पेठेतल्या जिन्यावरून उतरलो होतो. कुण्या एकाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येकाला द्यायची, ही पद्धत आपल्याबाबतीत अन्याय असेल तर त्या सुदानी मुलाबाबतीतही अन्यायच आहे. तराजू दोन ठेवता येत नाहीत.

असे तराजू ठेवले की पुढे काय होतं तेही आपण पाहिलं आहे. 2016च्या जानेवारीच्या अखेरीस बेंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली. अपघात केला होता दुसऱ्याच कुणी आफ्रिकी माणसाने, तिचा दोष एवढाच की ती त्याच रंगाची होती. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत काँगोचा एक तरुण रिक्षा ठरवण्याच्या वादातून मारला गेला. 2017च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये खुर्च्या आणि कचऱ्याच्या डब्यांनी बडवलं गेलं. जमावाने दिसेल त्याला मारणं म्हणजे काय, हे या देशात आपल्याइतकं कुणाला समजावं? तरी त्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यांतून निषेधाचं एक पत्रकही निघाल्याचं मला आठवत नाही. 2020 साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड मारला गेला, तेव्हा मात्र आपल्या पोरांनी प्रोफाइलचे फोटो काळे केले. मिनियापोलिस लांब होतं, म्हणून सोपं होतं.

"ते परदेशी आहेत, त्यांचा प्रश्न वेगळा," असं कुणी म्हणेल. मग जे परदेशी नाहीत त्यांचं काय?

उत्तर कन्नड जिल्ह्यात येल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी राहतात. गुजरातेत गीरजवळ जांबूरला आणि भरूचकडे रतनपूरला राहतात. हैदराबादेत निजामाच्या आफ्रिकी घोडदळाच्या वंशजांची वस्ती आहे. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचे, शिपायांचे, खलाशांचे हे वारस. शेकडो वर्षं इथले. उत्तर कन्नडमधले अनेक जण गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या दावणीतून पळून जंगलात शिरले, असं मानलं जातं. त्यांच्यात कुणी हिंदू आहे, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. घरात कोकणी बोलतात, बाजारात कन्नड, आणि सीमेजवळच्यांना मराठीही येते. तरी बसमध्ये त्यांना विचारलं जातं, कुठल्या देशाचे? आपल्याला कुणी "पाकिस्तानात जा" म्हटलं की अंगाची लाही होते. सिद्द्याला रोज कुणीतरी आफ्रिकेत पाठवतं आणि त्यात आपणही असतो.

राज्यकर्त्यांनीही त्यांच्याकडे पाहिलं ते शरीर म्हणून. 1987 साली क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना धावण्या-उडण्यासाठी निवडायची योजना काढली. आफ्रिकी रक्त आहे, म्हणजे पदकं येतील, हा हिशोब. मुलं मेहनतीने चमकलीही. पण काही वर्षांत योजना गुंडाळली गेली आणि पोरं परत गावी, मजुरीला. ही मुलं शिक्षक होतील, वकील होतील, असा हिशोब कुणी केला नव्हता.

या सगळ्यात सिद्द्यांनी काय केलं? रडत बसले नाहीत आणि आपल्या दाखल्याची वाटही पाहिली नाही.

येल्लापूरकडच्या सिद्दी बायका गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. जुनी लुगडी, फाटके सदरे, पोरांची झबली, जे घरात निघेल ते. टाके कडेपासून सुरू होतात आणि फिरत फिरत मधोमध येऊन संपतात. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांचं फूल लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. फुलाविना ती नागडी. मुसलमान बाईच्या कवंदीवर कधी चंद्रकोर येते, ख्रिस्ती बाईच्या कवंदीवर क्रूस. टाके तेच, रीत तीच. 2004 पासून त्यांनी एकत्र येऊन कवंद्या विकायला सुरुवात केली, आणि आज त्या परदेशातल्या संग्रहालयांपर्यंत पोचल्या आहेत. पण त्याआधी आणि त्यानंतरही कवंदीचं पहिलं काम एकच, थंडीत पोरांना पांघरूण.

त्याच मुलखातलं दम्माम हे वाद्य तिन्ही धर्मांचे सिद्दी वाजवतात. मंचीकेरीला 1980च्या दशकात सिद्द्यांनी कन्नड रंगकर्म्यांबरोबर चिनुआ अचेबेच्या कादंबरीवर आधारलेलं नाटक केलं. गावात ज्यांना काळे म्हणून हाक मारायचे तेच रंगमंचावर आपल्याच पूर्वजांच्या खंडाची गोष्ट सांगत उभे राहिले. गुजरातेत बाबा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्द्यांची धमाल होते. तिला ते गोमा म्हणतात, आणि हा शब्द आफ्रिकेतल्या 'न्गोमा' म्हणजे ढोल या शब्दावरून आलेला. भाषा गेली, गावांची नावं गेली, पण ढोलाचं नाव शिल्लक राहिलं. जांबूरच्या हिराबाई लोबी यांनी सिद्दी बायकांच्या बचतीचं आणि मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं, त्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. उत्तर कन्नडच्या सिद्द्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली तेव्हा 2003 साली त्यांची अनुसूचित जमातीत नोंद झाली. गोधडी, ढोल, नाटक, बचतगट, अर्ज. ही सगळी एकाच भांडणाची हत्यारं आहेत. तीन धर्मांत विखुरलेले लोक एका ढोलाभोवती जमले म्हणूनच एका अर्जावर सह्या करू शकले.

आता इथे मी नेहमीची चूक करू नये म्हणून थांबतो.

आपली सवय अशी की कुणावर अन्याय झाला की आपण योगदानाची यादी काढतो. बघा, अहमदाबादची सिदी सय्यद मशिदीची जाळी एका हबशाच्या मशिदीतली, 1572-73 ची, तिथल्या मोठ्या व्यवस्थापन संस्थेचं बोधचिन्हही तिच्यावरूनच घेतलेलं. बघा, बाजारात विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने 1610 साली खडकी वसवली, आजचं संभाजीनगर, तिथे नहरीने पाणी आणलं, जमिनीची मोजणी लावून महसूल बसवला. बघा, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर तेवढा आपल्याला ठाऊक, पण तो वेढा फोडायला शिवाजी महाराजांच्या बाजूने लढलेला सिद्दी हिलालही सिद्दीच होता.

हे सगळं खरं आहे. मुलांना सांगितलंच पाहिजे. पण त्याच अंबरला जहांगीर आपल्या लिखाणात त्याच्या रंगावरून शिव्या देत होता, आणि रणात हात लागेना म्हणून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला आपण बाण मारतो आहोत, असं चित्र काढून घेत होता. जहांगीर मुसलमान होता. अंबरला बाजारात विकणारेही मुसलमान होते. हिंदी महासागरातला गुलामांचा धंदा एकट्या पोर्तुगीजांनी चालवला नाही, त्यात अरब आणि इथले व्यापारीही होते. हे पान फाडून आपल्याला नुसता बिलालचा अध्याय वाचता येणार नाही. आणि वजिरी मिळवूनही अंबरला ज्या शिवीतून सुटका मिळाली नाही, ती त्या सुदानी मुलाला ढोल वाजवून मिळेल काय?

योगदानाची यादी मीही आयुष्यभर काढत आलो. मुसलमानांनी या देशाला काय दिलं, यावर किती लेख लिहिले! ताजमहाल दिला, सनई दिली, क्षेपणास्त्र दिलं. आता वाटतं, त्या प्रत्येक लेखात मी एक चुकीची अट कबूल करत होतो, की काही दिलं असेल तरच माणसाला इथे राहू द्यावं. ज्याच्या बापाने काहीच दिलं नाही, नुसते पंक्चर काढले, त्याला खोली का नाही? ज्या सिद्दी बाईला कवंदी शिवता येत नाही, तिला बसमध्ये देश का विचारायचा? कला कौतुकाची असेल तर कौतुक करा, विकत घ्या, पूर्ण पैसे द्या. पण ती माणुसकीची फी म्हणून वसूल करू नका. उरुसात धमालीला टाळ्या आणि निकाहाच्या बैठकीत "मुलगी जरा सावळी आहे", हे दोन्ही एका तोंडाने चालणार नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. जोतिबांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या काळ्यांची गुलामी संपवणाऱ्या लोकांना. 1972 साली मुंबईत पोरांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतलं काळ्या पँथर्सचं. त्यांनी दूरच्या माणसाचं दुःख जवळ आणलं ते स्वतःच्या वस्तीत लढण्यासाठी. आपण ते फोटो काळे करण्यापुरतं आणलं.

मग करायचं काय? मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. ज्यांची घरं भाड्याने आहेत त्यांनी एजंटाला सांगून ठेवावं की रंग विचारू नकोस. जमातीच्या बैठकीत हा विषय एकदा तरी नाव घेऊन निघावा. स्थळ सांगताना 'गोरी' हा शब्द गाळावा. घरात 'हबशी', 'कल्लू' ऐकू आलं तर तिथल्या तिथे टोकावं, अब्बा बोलले तरी टोकावं. आणि गॅलरीत कुणी "ऐसा है" म्हणालं तर विचारावं, ऐसा म्हणजे कैसा? मी जे विचारलं नाही ते.

त्या मुलाला अखेर हडपसरला एका मराठी शिक्षकाच्या घरी खोली मिळाली. त्या शिक्षकाने माझं नाव ऐकून मला ती दिली असती का, मला ठाऊक नाही. पण हाजीसाहेबांचं दार मला ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात मी पुन्हा तो जिना चढलो आणि माझ्या जुन्या लेखाची झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली. म्हणालो, चाचा, यात जिथे जिथे माझं नाव आहे तिथे त्या पोराचं नाव घालून वाचा. त्यांनी चष्मा लावला, वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबून म्हणाले, चाय पियेगा?

चहा प्यालो. उत्तर अजून यायचं आहे. मी पुन्हा जाणार आहे.