साठ हजारांच्या आतला कर्जदार

वर्षाचे उत्पन्न ६० हजार रुपयांच्या आत. सगळी मालमत्ता मिळून २० हजारांच्या आत. कर्ज ३५ हजारांच्या आत, तेही विनातारण. शिवाय नावावर घर नको, गहाण पडलेलेसुद्धा नको. या सगळ्या अटींत जो बसेल, त्याला कर्जातून मोकळे करून नव्याने सुरुवात करू देण्याची सोय २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम ८० मध्ये आहे. महिन्याला पाच हजार मिळवणाऱ्याने या अटी वाचून हसावे की रडावे, हा प्रश्न तूर्त उद्भवत नाही. संहितेचा हा तिसरा भाग अजून लागूच झालेला नाही.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये सूक्ष्मवित्ताचे नियम नव्याने घालून दिले. त्यात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज, अशी सूक्ष्मवित्त कर्जाची व्याख्या आहे. म्हणजे कर्ज देताना गरीब कोण याची रेषा तीन लाखांवर आणि सोडवताना साठ हजारांवर. पहिला आकडा कुटुंबाचा, दुसरा एकट्या माणसाचा, हे धरले तरी तफावत लपत नाही. सूक्ष्मवित्ताच्या महिला गटातली दुसऱ्या फेरीची उचलसुद्धा बहुधा ३५ हजारांहून मोठी असते.

संहितेतले कंपन्यांचे प्रकरण २०१६ च्या अखेरीसच सुरू झाले. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे प्रवर्तक १ डिसेंबर २०१९ पासून संहितेच्या कक्षेत आले, आणि तेही बँकांना वसुलीसाठी हवे होते म्हणून. उरलेल्या माणसांना मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत १९०९ चा नादारी कायदा लागू आहे, बाकी ठिकाणी १९२० चा. या दोन्ही कायद्यांत नादारीसाठी कर्जाची किमान मर्यादा ५०० रुपये आहे. यावरूनच त्यांच्याकडे शेवटचे कोणी आणि कधी गंभीरपणे पाहिले असेल, याचा अंदाज यावा.

मग या संहितेत आत कोण आले? ज्याला संघटित होऊन दार ठोठावता आले तो. घरासाठी पैसे भरून बसलेल्या ग्राहकांना सुरुवातीला तिच्यात जागाच नव्हती. जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात हजारो कुटुंबे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जून २०१८ च्या वटहुकमाने घरखरेदीदार हे वित्तीय धनको ठरले, बँकांच्या बरोबरीने धनकोंच्या समितीत बसू लागले. मग बिल्डरांनी ओरड केली की एखादा नाराज ग्राहकही अख्खा प्रकल्प बंद पाडू शकेल. २०२० मध्ये अट आली : एकाच प्रकल्पातले किमान शंभर किंवा दहा टक्के खरेदीदार एकत्र आले तरच अर्ज. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही दुरुस्त्या वैध ठरवल्या. हितसंबंधी गटाने कायदा वळवला म्हणजे अन्याय झालाच, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. त्याच वर्षी मार्चमध्ये अर्ज करण्याची थकबाकीची मर्यादा एक लाखावरून एकदम एक कोटीवर गेली. टाळेबंदीत लहान उद्योगांवर नादारीची टांगती तलवार नको, हा हेतू होता. पण वीस-तीस लाखांचे बिल अडकलेला सुटे भाग पुरवणारा लहान कारखानदारही त्याच फटक्यात बाहेर पडला. त्याच्या बाजूने कोणी ओरडल्याचे फारसे ऐकू आले नाही.

व्हिडिओकॉनचे प्रकरण मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. जून २०२१ मध्ये सुमारे ६४,८३८ कोटींच्या मान्य दाव्यांपोटी २,९६२ कोटींची योजना मुंबईच्या न्यायाधिकरणाने मंजूर केली खरी, पण धनकोंची ही केसकापणी की सरळ मुंडण, असा शेरा आदेशातच मारला. बोलीचा आकडा कंपनी मोडीत काढल्यावर येणाऱ्या किमतीच्या इतका जवळ कसा, हेही विचारले. पुढे अपिलात ती योजना रद्द झाली. बँकांची बाजू अशी, की पैसा आधीच बुडालेला होता, आकडा फक्त कागदावर आला. हे खरे मानू. पण मग हाच न्याय खालीही लावावा लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये तेव्हाचे कंपनी व्यवहार सचिव इंजेती श्रीनिवास यांनी सांगितले होते की लहान कर्जदारांच्या ‘नव्या सुरुवाती’बाबत सूक्ष्मवित्त उद्योगाशी बोलणी चालू आहेत, त्यांच्या समाधानाच्या सुरक्षा-अटी घातल्या जातील, आणि देशभरातला भार तीन-चार वर्षांत मिळून दहा हजार कोटींपेक्षा जास्त नसेल. अख्ख्या देशातले गरीब कर्जदार चार वर्षांत जेवढे बुडवतील असा सरकारचाच अंदाज होता, त्याच्या कितीतरी पट रक्कम एका कंपनीच्या फायलीत गेली.

तरीही सूक्ष्मवित्तवाल्यांची भीती बनावट नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारने सूक्ष्मवित्ताला लगाम घालणारा वटहुकूम काढला, तेव्हा तिथली वसुली जवळपास ठप्प झाली, काही संस्था डबघाईला आल्या आणि बायकांना पुन्हा गावच्या सावकाराची पायरी चढावी लागली. आणि धनको म्हणजे दरवेळी वातानुकूलित केबिनमधला माणूस नसतो. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. एका बिल्डर समूहाने बुडवलेल्या कर्जामुळे भांडुप-मुलुंडच्या निवृत्त माणसाला स्वतःच्या खात्यातून आधी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. तालुक्याच्या पतसंस्थेत मास्तरांनी आणि भाजीवाल्यांनी ठेवलेला पैसाच कर्जाऊ जातो. कर्जदाराला मोकळे सोडा म्हणताना हा ठेवीदार डोळ्यांआड करणे सोपे असते आणि आपल्याकडचे बरेच पुरोगामी लेखन ते सर्रास करते.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. १२ मे १८७५ ला बारामतीजवळच्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे-दस्तऐवज जाळले आणि दंग्याचे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला : पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती चढवले, फेड किती झाली हे पहिल्यापासून तपासायला सांगितले. हप्ते बांधून देता येत. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे वेगळे प्रकरणसुद्धा होते! व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये ही दामदुपटीची जुनी रीत मुंबई इलाख्यातली न्यायालये आधीपासून मानत होतीच.

परिणाम काय झाला? सावकार शहाणे होते. रोख्यावर कर्ज देणे धोक्याचे झाले तसे ते जमिनीचे खरेदीखत मागू लागले. तोंडी कबुली अशी की पैसे फेडलेस की जमीन परत. मुदत खरेदी हा शब्द ज्या घरांत अजून माहीत आहे, तिथे त्यातून काय गेले तेही माहीत असते. कायद्याच्या टीकाकारांनी हेच बोट दाखवून म्हटले की संरक्षणाने शेतकऱ्याची पत गेली. समर्थकांचे म्हणणे असे, की जी पत जमीन गिळल्यावर संपते ती आटली तर रडायचे कशाला. मला यात दोघेही थोडे थोडे बरोबर वाटतात. संरक्षण फुकट मिळत नाही, त्याची किंमत कोणीतरी मोजतो, आणि ती बहुधा पुढचा प्रामाणिक कर्जदार मोजतो.

अमेरिकेने २००५ मध्ये नेमका उलटा प्रयोग केला. दिवाळखोरीचा कायदा कडक व्हावा म्हणून क्रेडिट कार्ड कंपन्या जवळपास आठ वर्षे पाठपुरावा करत होत्या. २००० मध्ये क्लिंटन यांनी असेच विधेयक सहीवाचून मरू दिले होते, बुश यांनी एप्रिल २००५ मध्ये सही केली. राज्याच्या मध्यम उत्पन्नापेक्षा जास्त कमावणाऱ्याला आता उत्पन्नाच्या चाचणीतून जावे लागले, समुपदेशन सक्तीचे झाले, वकिलांच्या फिया वाढल्या, खासगी शैक्षणिक कर्जातून सुटणे जवळजवळ अशक्य झाले. त्या वर्षी दिवाळखोरीचे २० लाखांहून जास्त अर्ज झाले, कारण कायदा ऑक्टोबरमध्ये लागू होण्याआधी लोकांनी रांग लावली. पुढच्या वर्षी अर्ज सुमारे सहा लाखांवर आले. कार्ड कंपन्यांचा दावा होता की बुडवणारे कमी झाले की व्याज उतरेल. टीकाकारांना तो निव्वळ थाप वाटला. नंतरच्या काळजीपूर्वक अभ्यासात दिसले की व्याज खरेच काही प्रमाणात उतरले. म्हणजे दबाव टाकणारा गट स्वार्थी असूनही त्याचा युक्तिवाद खोटा नव्हता. पण अमेरिकेत १९७८ च्या एका निकालाने कार्डाचे व्याज जवळजवळ मोकळे सोडले होते, आणि २००५ नंतरही सुटकेचे दार अरुंद झाले, बंद झाले नाही.

आपल्याकडची अडचण इथे आहे. दख्खनच्या कायद्यात न्यायाधीश व्याज तपासू शकत होता. अमेरिकेत तपासत नाहीत, पण सुटता येते. आपल्याकडच्या आजच्या ग्राहकाला दोन्ही नाही. बँकेचे व्याज जास्त आहे या कारणाने न्यायालयाने कर्जव्यवहार उघडू नये, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१ अ सांगते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावर ३० टक्क्यांच्या वर व्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा असा निकाल दिला होता. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत, हे त्यामागचे कारण तर्काला धरून आहे. सूक्ष्मवित्ताच्या व्याजावरची मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये उठवली, तीही स्पर्धा वाढावी म्हणून. सुटा सुटा पाहिला तर प्रत्येक निर्णय पटतो. सगळे एकत्र ठेवले की त्यात कर्जदार उभा राहील अशी जागा उरत नाही.

सकाळी नऊची गटाची बैठक बघा. कोणाच्या तरी ओसरीवर सतरंजी, वसुलीचा मुलगा मोबाइलवर नावे वाचतोय, एकीचे आठशे कमी पडलेत. तो ओरडत नाही, शिवी देत नाही, नऊ ते सहाच्या वेळेतच आलाय. फक्त म्हणतो, “ताई, पूर्ण झाल्याशिवाय कोणाला उठता येणार नाही.” कामावर जायची घाई असलेल्या चौघी तिच्याकडे बघतात. शेवटी शेजारीण पदराची गाठ सोडते. यात कोणताही नियम मोडलेला नाही.

याला आपण शोधलेला उपाय म्हणजे कर्जमाफी. महाराष्ट्रात २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत, २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत. ती ज्याला फेडता आले असते त्यालाही मिळते आणि ज्याने गटातून किंवा सावकाराकडून घेतले त्याला मिळत नाही. प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे तपासणारी नादारी ही बँकांच्याही फायद्याची आहे, कारण सरसकट माफीच्या मागणीला तीच उत्तर देऊ शकते. म्हणून माझा कौल तिसरा भाग लागू करण्याच्या बाजूने आहे, पण आहे तसा नव्हे. उत्पन्नाची मर्यादा रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येशी जोडावी. अर्जाआधीच्या तीन महिन्यांतले कर्ज वगळण्याची संहितेतली अट ठेवावी, आणि एकदा सुटलेल्याला पुन्हा सुटायला वर्षभर नव्हे, पाच-सात वर्षे थांबावे लागावे. हे धनकोंचे देणे आहे, ते द्यायलाच हवे. शैक्षणिक कर्ज सरसकट वगळले आहे. तिथे निदान आजारपण किंवा अपंगत्वाचा अपवाद हवा. पतसंस्थांच्या बाबतीत माझे मत पक्के नाही, तिथे जामीनदार हा निम्मा गाव असतो.

एक गोष्ट मात्र अधिसूचनेआधीच बदलावी लागेल. १९२० च्या जुनाट कायद्याचे कोर्ट निदान जिल्ह्याच्या गावी आहे. संहितेत हे काम कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे आहे आणि महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर एवढ्याच शहरांत आहेत. पस्तीस हजारांतून सुटण्यासाठी गडचिरोलीच्या बाईने नागपूरला खेपा घालायच्या असतील, तर पहिल्याच तारखेच्या भाड्यासाठी तिला गटातून नवी उचल घ्यावी लागेल.